द्वारी कंचुकी आहे

हल्ली काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगतो, मी मोबाईलमध्ये असतो. ऐकणारा आधी हसतो आणि मग खात्री करायला माझ्या बायकोकडे बघतो. ती म्हणते, "खरंच असतात. जेवायला हाका मारल्या तरी बाहेर येत नाहीत."

त्याआधी माझं रेवदंड्यात ड्रेपरीचं दुकान होतं. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचा धंदा. मुकुट, तलवारी, जिरेटोप, गंगावनं, आणि दाढ्या तर इतक्या की दुकानात शिरलेल्या माणसाला वाटावं, इथे ऋषींची परिषद भरली होती आणि सगळे दाढ्या ठेवून आंघोळीला गेलेत. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत उत्सवातली नाटकं माझ्या ट्रंकांवर उभी राहायची. दहा तोंडांच्या राक्षसाची नऊ डोकी माझ्याकडून जायची. दहावं ज्याचं त्याने आणायचं.

कपडे भाड्याने घेतले की त्यांच्यावर मी फुकट मिळायचो, प्रॉम्प्टर म्हणून. प्रॉम्प्टरने कुजबुजायचं असतं, पण माझा गळा देवाने लाऊडस्पीकर बंद असताना वापरायला दिला असावा. एकदा रेवदंड्याच्या किनाऱ्याजवळच्या मांडवात मी विंगेतून "नराधमा, थांब!" असं हळूच सांगितलं, तर खाडीच्या मुखाशी दोन होड्यांनी इंजिनं बंद केली. बायको म्हणते एकच होडी होती. ती तेव्हा माहेरी होती, तिला काय माहीत!

मग नाटकं आटली. उत्सवात ऑर्केस्ट्रा आला, ऑर्केस्ट्राला मुकुट लागत नाही. ट्रंकांना कुलपं लागली, दाढ्यांना कसर लागली. अशात एक दिवस ठाण्याहून केतकी नावाची मुलगी आली. ती आणि तिचे सोबती जुन्या नाटकांचं ॲप बनवत होते. 'शिरपेच' कसा दिसतो, 'अंगरखा' कुठे बांधतात, याचे फोटो तिला हवे होते. एका शिरपेचासाठी आलेली मुलगी मी दुपारपर्यंत सोडली नाही. जाताना म्हणाली, "नाना, तुम्ही आमच्याकडे कामच का करत नाही?"

काम सोपं आहे. ॲपमध्ये जुनं नाटक उघडायचं आणि वाचता वाचता शब्द अडला की त्यावर बोट ठेवायचं. पिवळी चौकट उघडते, तिच्यात अर्थ. खाली दोन बटणं, 'कळलं' आणि 'कळलं नाही'. शब्द नुसता शोधूनही अर्थ मिळतो. 'कळलं नाही' दाबून माणूस आपलं गाऱ्हाणं बोलतो, ते येतं माझ्याकडे, आणि मी माझ्या आवाजात उत्तर धाडतो. म्हणजे प्रॉम्प्टिंगच. नट तेवढा दिसत नाही.

गिऱ्हाईकं मात्र एकेक अशी भेटतात! रेवदंड्याचीच एक बाई, किनाऱ्यावर जवळा सुकवते. तिने विचारलं, "नाना, ह्या नाटकात राणी नवऱ्याला आर्यपुत्र बोलते. तो काय तिचा पोर हाय?"

मी सांगितलं, आर्य म्हणजे इथे सासरा. आर्यपुत्र म्हणजे त्याचा मुलगा, म्हणजे नवरा.

ती म्हणाली, "बरोबर हाय. नवरा लग्नानंतर बी सासऱ्याचाच पोर ऱ्हातो." आणि तिने 'कळलं' दाबलं. पुढच्या आठवड्यात किनाऱ्यावरून जात होतो, तर तिचा आवाज आला, "ओ आर्यपुत्र, जवळा पालथा करा, कावळं आलं!" नवरा पळत आला. आता त्या किनाऱ्यावर आर्यपुत्र म्हटलं की चार पुरुष आणि सगळे कावळे वळून बघतात.

एका रिक्षावाल्याला 'जनांतिक' अडला. रंगमंचावर तिघं असतात, त्यातले दोघं हात आडवा धरून आपसांत बोलतात आणि शेजारी उभ्या तिसऱ्याला ते ऐकू येत नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं, ते जनांतिक. तो म्हणाला, "म्हंजे नाना, मीच की. अलिबागपर्यंत मागची माणसं घरातलं सगळं बोलतात. मी पुढं बसलेला. पण मला ऐकू येत नाही, असं नाटककारानं ठरवलंय." मी ठाण्याला कळवलं की हा अर्थ आपल्या चौकटीपेक्षा चांगला आहे. त्यांनी रिक्षा काढून टाकली आणि बाकीचं ठेवलं. अर्थात बाकी काही उरलं नव्हतं.

पण सांगायचं आहे ते कंचुकीचं.

बोर्ली पंचतनला उत्सवात पुष्कळ वर्षांनी जुनं पौराणिक नाटक करायचं ठरलं. दिग्दर्शक होता विलास, फोटो स्टुडिओवाला. लग्नांत लोकांना "मान जरा डावीकडे" सांगून त्याच्यात दिग्दर्शन आपोआप तयार झालेलं. राजा होते म्हात्रेशेठ. मूळचे पेणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. स्वतः ट्रक हाकत हाकत बंदराच्या कामासाठी इकडे आले आणि आता ट्रकांचे मालक. आवाज असा की हॉर्नची गरज नाही. आणि पात्रांच्या यादीत सगळ्यात खाली एक शब्द होता, 'कंचुकी'. त्यासाठी विलासने हसनभाईंना विचारलं होतं.

हसनभाई म्हणजे दिघीच्या जेटीवरचे. आगरदांड्याहून दिघीला गाड्या आणणारी फेरीबोट येते. तिच्या फळीवर उभं राहून गाड्या आत घ्यायचं काम त्यांनी उभी हयात केलं. ट्रक उलटा घ्यायचा असतो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची नवी कोरी गाडी. हसनभाई हात हलवत "आन दे, आन दे, आन दे" म्हणत राहायचे आणि मग पंजा वर करून "बस्स!" त्या "बस्स"नंतर टायर इंचभर सरकत नसे. मी तर पाहिलंय, एकदा त्यांनी "बस्स" म्हटलं आणि भरती थांबली. आता निवृत्त आहेत. दाढी पांढरीशुभ्र आणि स्वतःची, माझ्या ट्रंकेतल्या कुठल्याही दाढीपेक्षा सरस.

तर उत्सव आठवड्यावर आला असताना हसनभाई रेवदंड्याला माझ्या दारात उभे. न बसताच म्हणाले, "नानाभाय, तुमच्या मोबाईलनं माझा रोल खाल्ला."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमच्या मोबाईलमदी मी चोळी हाय."

झालं होतं असं. बोर्लीकरांकडची नाटकाची प्रत मागच्या पिढीने कात्री लावून आखूड केलेली. कंचुकीचं काम करणाऱ्याला वाक्यं पाठ होत नसणार, म्हणून त्याची वाक्यंच कापली. उरली होती फक्त दुसऱ्यांची. राजा विचारतो, "द्वारी कोण आहे?" दासी म्हणते, "महाराज, द्वारी कंचुकी आहे." राजा म्हणतो, "जीर्ण झाला, तरी द्वार सोडीत नाही." विलासला शब्द अडला, त्याने आमच्या ॲपात शोधला. पिवळी चौकट म्हणाली: कंचुकी, स्त्रीलिंगी, चोळी.

विलासने विचार केला, बरोबर आहे. राणीने चोळी धुऊन दारावर वाळत घातली असेल. 'जीर्ण झाला' ही छपाईची चूक, 'जीर्ण झाली' पाहिजे. त्याने प्रतीत दुरुस्ती केली, ड्रेपरीच्या यादीत 'चोळी एक, जुनी' असं वाढवलं आणि हसनभाईंना सांगितलं, "चाचा, माफ करा. तुमचं पात्र नाहीच. ती वस्तू आहे."

नाटकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी दोरीवरच्या चोळीला दाढी चिकटवून फोटो टाकला. म्हात्रेशेठ तालमीत म्हणाले, "काय हसनचाचा, माझ्या महालान तुमाला दोरीवर टांगू काय?"

"हसले तर हसू दे," हसनभाई मला म्हणाले. "मी बी हसलो. पण नानाभाय, जिंदगीभर लोकांनी माझ्याकडं बघितलं ते हात कुठं हाय ते बघायला. बोट लागली की पलीकडं गेली. तोंड कोनी बघितलं न्हाय. एक डाव समोर बसून बघू द्या की. वाक्य नको मला. नुसता उभा ऱ्हातो. पन मानूस म्हनून."

मी त्यांना आधी बसवलं. मग सगळ्यात जुनी ट्रंक उघडली, आणि तळातून पायघोळ पांढरा झगा काढला. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने आम्ही दोघं शिंकलो.

"हा कंचुक," मी म्हटलं. "कंचुक म्हणजे अंगभर झगा. तो घालणारा म्हातारा, राण्यांच्या महालाच्या दारावरचा विश्वासू माणूस, तो कंचुकी. आणि अंगाला घट्ट बसणारी चोळी, तीही कंचुकीच. सापाची कात असते ना, तिलाही कंचुक म्हणतात."

हसनभाईंनी झगा हातात घेतला, उलटासुलटा केला. त्यांना आता रोलपेक्षा शब्दात रस आला होता. "म्हंजे चोळी, कात आन म्हातारा, तिघं एकच?"

"तिघंही अंगावरच्या कपड्याची नावं."

"आन ह्या म्हाताऱ्याचं काम काय होतं? दिवसभर काय करी?"

"दारावर उभं राहायचं. कोण आत जाईल, कोण थांबेल, ते बघायचं."

"आन राजा आला तर?"

इतके कंचुकी विंगेतून पाहिले, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. "राजा आला तर लवून बाजूला व्हायचं."

"का?" हसनभाई म्हणाले. "राजाला गाडी आत घालता येते?"

मी विलासला फोन लावला. म्हटलं, अरे, कंचुकी माणूस असतो. तो म्हणाला, "नाना, ॲपात चोळी आहे."

"अरे, ॲपात मीच असतो!"

"मग ॲपात तसं दिसू दे ना."

आयुष्यात मी हजार नटांना त्यांची वाक्यं दिली, पण माझ्याच वाक्याला असं कोणी अडवलं नव्हतं. केतकीला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "नाना, दुसरा अर्थ आहे की. चौकटीच्या कोपऱ्यात बाण आहे, त्यावर बोट ठेवा."

ठेवलं. खरंच होता. कंचुकी, पुल्लिंगी, अंतःपुराचा वृद्ध रक्षक. बाणाच्या मागे, चोळीच्या आड, म्हातारा बिचारा उभा होता. मी विलासला फोनवरूनच त्या बाणावर बोट ठेवायला लावलं. त्याने नीट वाचलं आणि म्हणाला, "पण हा दुसरा आहे. खरा असता तर पहिला नसता आला?"

मी परत केतकीला विचारलं, पहिला अर्थ कोण ठरवतं? ती म्हणाली, कोणीच नाही, लोक ठरवतात. ज्या अर्थाखाली 'कळलं' जास्त दाबलं जातं, तो आपोआप वर येतो. चोळी लोकांना चटकन कळते, म्हणून ती वर.

मी फोन ठेवला आणि हसनभाईंकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. दोघांच्याही डोक्यात तीच बोट आली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही फेरीबोटीवर. बोट आगरदांड्याहून दिघीला जाईपर्यंत माणसाला करायला काही नसतं. गाडीत बसलेला माणूस मोबाईल चोळत असतो. हसनभाई खिडकीशी जायचे. ज्याला त्यांनी कधीच "बस्स" म्हटलं नाही असा ड्रायव्हर या किनाऱ्यावर सापडणं कठीण.

"सलाम चाचा! परत कामावर?"

"कामावरच हाय. ते नाटकाचं ॲप घे. फुकट हाय. कंचुकी शोध. आता त्या बाणावर बोट ठेव."

"कंचुकी म्हंजे काय?"

पहिल्या दिवशी मी मध्ये पडून सांगायचो: अंतःपुर, वृद्ध रक्षक वगैरे. लोक जांभया द्यायचे. दुसऱ्या दिवशी हसनभाईंनी मला बाजूला सारलं.

"कंचुकी म्हंजे दारावरचा मानूस. आत बायामानसं हायत, बाहेर घाईतली मानसं हायत, मदी हा. हा न्हाय बोलला तर न्हाय. कळलं?"

"म्हंजे तुम्ही!"

"दाब मग."

लोक दाबायचे. मासेवाल्या बायांनी टोपली मांडीवर ठेवून दाबलं. एका वऱ्हाडाच्या अख्ख्या बसने दाबलं, नवरीने दोन्ही अंगठ्यांनी. एक गुजराती व्यापारी म्हणाला, "चाचा, आ शुं? माझा काय फायदा?" तर हसनभाई म्हणाले, "तुझी गाडी वीस वेळा पाण्यात पडली न्हाय, तो." त्याने दाबलंच, आणि नोकरालाही दाबायला लावलं. मी तर म्हणतो, मुरूडच्या बाजूने उडत आलेल्या बगळ्यांनीही दाबलं असतं, पण त्यांना रेंज नव्हती.

फक्त एका माणसाने दाबलं नाही. म्हात्रेशेठ गाडीची काच खाली करून म्हणाले, "मी न्हाय दाबनार. मी राजा हाय. मना अडवनारा मानूस मी कशाला वर आनू?"

"तुमी नका दाबू," हसनभाई म्हणाले. "तुमाला स्टेजवर कळंल."

चार-पाच दिवसांनी केतकीचा फोन. "नाना, दिघी भागात कंचुकीला अचानक काय झालंय? इतके लोक एका शब्दावर कधीच आले नव्हते. शाळेत धडा आहे का?"

"जिज्ञासा," मी म्हटलं. "आमच्याकडची माणसं फार जिज्ञासू."

नाटकाच्या दिवशी सकाळी विलासने शब्द पुन्हा शोधला. पिवळी चौकट उघडली: कंचुकी, पुल्लिंगी, अंतःपुराचा वृद्ध रक्षक. चोळी बाणाच्या मागे गेली होती. मग त्याने 'झाली'ची पुन्हा 'झाला' केली आणि हसनभाईंना फोन लावला. "चाचा, तुम्ही माणूस आहात. या. राजा आला की लवा आणि बाजूला व्हा, एवढंच."

दिवेलागणीला नाटक सुरू झालं. मांडव भरलेला, आणि पुढच्या रांगांत निम्मे ड्रायव्हर. मी विंगेत प्रत धरून उभा. पडदा सरकला, महालाचं दार, आणि दाराशी पांढरा झगा, पांढरी दाढी, हातात काठी. हसनभाई नुसते उभे होते. पण लोक आधी त्यांच्याकडे बघत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "आरं, चाचा बघ!" आणि मग सगळे गप्प बसून बघायला लागले.

दासीने "द्वारी कंचुकी आहे" म्हटलं. त्यावर राजाने आपलं वाक्य म्हणायचं आणि आत जायचं. म्हात्रेशेठना मुकुटामुळे घाम फुटला होता. ते वाक्य विसरले आणि सरळ आत निघाले. चढावर निघालेल्या ट्रकसारखे, पूर्ण जोरात. मी विंगेतून "जीर्ण झाला, जीर्ण झाला" ओरडतोय, मांडवाबाहेरचे फुगेवाले वळून बघतायत, पण राजा काही थांबेना. हसनभाई लवतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

ते लवले नाहीत. त्यांचा उजवा पंजा वर गेला.

"बस्स!"

राजा जागच्या जागी थांबला. नुसता थांबला नाही. शपथेवर सांगतो, म्हात्रेशेठनी मान उजवीकडे वळवली, जिथे ट्रकचा आरसा असतो तिथे पाहिलं, आणि अर्धं पाऊल मागे घेतलं.

मांडव फुटला. पुढच्या रांगेतून ड्रायव्हर उठले, "आन दे! आन दे! आन दे!" शिट्ट्या काय, टाळ्या काय, एकाने तर तोंडाने रिव्हर्सचा हॉर्न वाजवला. हसनभाई हलले नाहीत. पंजा तसाच. मांडव आपोआप शांत होईपर्यंत तसाच. तेव्हा मला कळलं की लोक आता हात बघत नव्हते.

त्या शांततेत म्हात्रेशेठनी पंजावरून वर, दाढीपर्यंत, डोळ्यांपर्यंत पाहिलं. कित्येक वर्षं त्या हाताकडे आरशातून पाहिलेलं असेल, समोरून बहुधा पहिल्यांदाच. आणि त्यांना वाक्य आठवलं. माझ्या मदतीशिवाय. हॉर्नचा आवाज नाही, अगदी खालच्या पट्टीत म्हणाले, "जीर्ण झाला... तरी द्वार सोडीत नाही."

हसनभाईंनी पंजा खाली घेतला, काठी बाजूला केली आणि लवले. "या महाराज."

तालमीत इतकं गोड "या" कोणालाच जमलं नव्हतं. कारण ते वाक्य नाटकात नव्हतंच.

अशी माझी नोकरी. कपड्यांचा धंदा बुडाल्याचं वाईट वाटतं, रात्रभर वाटतं कधी कधी. ट्रंकांतले कितीतरी कपडे कोणाच्या अंगावर जायचे राहिले. पण तो झगा मी हसनभाईंकडून परत घेतला नाही. मागायला गेलो होतो. दारात त्यांनी पंजा वर केला. मी थांबलो.

नाटकानंतर दुसऱ्या दिवशी ॲपात माझ्याकडे एक 'कळलं नाही' आलं. शब्द कंचुकी. आवाज मी लगेच ओळखला, मोबाईल थरथरला. "नाना, मी म्हात्रे बोलतंय. तुमचा अर्थ चुकलाय. राजाला कोनी अडवीत न्हाय. राजा थांबत न्हाय. दुरुस्त करा."

मी उत्तर धाडलं, "शेठ, तुम्ही थांबलात."

माझं जेवण झालं, बायकोने भांडी आवरली. मग मोबाईल वाजला. म्हात्रेशेठनी 'कळलं' दाबलं होतं.